मागच्या जागेची हजेरी

१२ सप्टेंबर, शुक्रवार
आज भांडले. मु.अ. देसाईबाईंशी, त्यांच्या केबिनमध्ये, दार उघडं असताना. बावीस वर्षं ह्या शाळेत आहे, पहिल्यांदाच.

विषय शाळेच्या मागची जागा. पाण्याच्या टाकीपासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत, माझी पंचवीस पावलं लांब आणि सोळा रुंद. एक भेंडीचं झाड (भाजीची भेंडी नव्हे), एक जांभूळ, भिंतीच्या फटीतून आलेला उंबर, बाकी गवत आणि पाला. पालक-शिक्षक संघाने ठरवलंय की तिथे पेव्हर ब्लॉक घालायचे. कारण काय, तर युनिफॉर्म मळतात. अख्ख्या दिंडोशीत माती दिसायला एवढी एकच जागा उरलीय आमच्या पोरांना, तीही मळते म्हणून नको.

देसाईबाई म्हणाल्या, "वर्षाताई, तुम्ही तिसरी ब आठवड्यातून दोनदा मागे नेता. मी अडवलं कधी? पण त्याला शिकवणं म्हणायचं का, हे मला संघाला सांगता येत नाही." मग कोणाला सांगता येतं, विचारलं. म्हणाल्या, नोव्हेंबरात तपासणी आहे. तपासणीच्या मॅडमनी शेरेबुकात चांगलं लिहिलं तर जागा तशीच ठेवू. नाही तर ब्लॉक.

झक मारली आणि हो म्हटलं. बसमध्ये बसल्यावर कळलं की मी काय कबूल केलंय.

१५ सप्टें., सोम.
मागे वर्ग नेला. सतरंज्या टाकल्या, भेंडीखाली उभी राहिले, परिसर अभ्यासाचं पुस्तक उघडलं, 'सजीव आणि निर्जीव' वाचलं. मुलं जांभया देत होती. चौथीला शिकवणारी नलिनी टाकीशी बाटली भरत होती. नंतर स्टाफरूममध्ये म्हणते, "अगं, तू फळा तेवढा आत ठेवलायस. बाकी सगळं तेच चाललंय."

राग आला. मग आला नाही, कारण खरं होतं ते. गेली दोन वर्षं मी नुसता वारा खायला नेतेय पोरांना, आणि त्याच्यासाठी भांडले शुक्रवारी.

१६ सप्टें.
पुस्तक आत ठेवून गेले. म्हटलं, प्रत्येकाने एक जिवंत गोष्ट शोधायची. बस, एवढंच.

वाट लागली. चौतीस पोरं चौतीस दिशांना. सुरवंट दिसला म्हणून पाच मुली किंचाळल्या. दोघं जांभळाच्या बुंध्यावर चढायला गेले. सोहमला भेंडीवरची लाल मुंगी चावली, भोंगा पसरला. संध्याकाळी त्याच्या आईचा फोन, "बाई, मुलाला शाळेत शिकायला पाठवतो आम्ही, चावून घ्यायला नाही." सॉरी म्हटलं. फोन ठेवल्यावर घरात सगळ्यांवर चिडले.

पण एक आहे. एकही पोरगं जांभई देत नव्हतं.

१९ सप्टें., शुक्र.
काल रात्री सुचलं ते आज केलं. मागच्या जागेचा हजेरीपट.

आमचे शिपाई मोरेमामा, मालवणकडचे, तीस वर्षं मुंबईत राहून बोली तशीच. त्यांना म्हटलं, जुना कोरा मस्टर आहे का? माळ्यावरून काढून झटकून आणून दिला. नियम मुलांनीच केले. नाव तेव्हाच लावायचं जेव्हा दोन वेगवेगळ्या मुलांनी दोन वेगवेगळ्या दिवशी बघितलंय. ऐकीव चालणार नाही. एकाने 'साप' सांगितला, सगळ्यांनी मिळून त्याला उडवून लावला. प्रत्येक नंबराची जबाबदारी एका मुलावर, त्याने रोज बघून सांगायचं, हजर की गैरहजर.

नं. १ भेंडी. नं. २ जांभूळ. नं. ३ उंबर. नं. ४ वर भांडण. सोहमला लाल मुंगी पाहिजे म्हणे. चावली तीच. मामा सतरंज्या गोळा करत होते, ते म्हणाले, "ह्येंका आमच्याकडे हुमले म्हणतत, बाई. पानां शिवून घर करतत." सोहमने लगेच मस्टरात लिहिलं, हुमले. काना-मात्रा एकही चुकला नाही.

२६ सप्टें.
मस्टर नं. १७ पर्यंत. सरडा, टाकीखालचं शेवाळ, कोळी (जाळंवाला), कोळी (उड्या मारणारा), गोगलगाय. गणिताचा तास पण मागेच. भेंडीचा घेर सुतळीने मोजला, सुतळी फूटपट्टीवर मोजली. तीनदा तीन उत्तरं आली. का आली, ह्यावर पाऊण तास गेला आणि मी एक शब्द बोलले नाही. बावीस वर्षांत मी पाऊण तास गप्प बसले नव्हते.

सोहम. जो निबंधात दोन ओळी लिहून पेन्सिल चावत बसतो. आज अकरा ओळी. त्यातली एक: 'मुंगी मला चावली तेव्हा ती पण घाबरली होती कारण मी तिचं घर हलवलं.' स्टाफरूममध्ये नलिनीला वाचून दाखवली. तिने चहा पुढे केला.

त्याच्या आईला वही पाठवली घरी. फोन नाही आला. तोही एक निरोपच.

१० ऑक्टो., शुक्र.
नं. २९. मामा आता सतरंज्या ठेवून जात नाहीत, थांबतात. मुलं त्यांना विचारतात, ह्याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात. माझ्याकडे पुस्तकातलं नाव, मामांकडे गावाकडचं. मस्टरात दोन्ही रकाने आहेत आता. मामा परवा लाजत म्हणाले, "बाई, माझा नाव पण लिवतलास काय ह्येच्यात?" आर्या म्हणाली, "मामा, तुम्ही दोन दिवस दिसायला पाहिजे." सगळे हसले, मामा सगळ्यात जास्त.

आर्या कदम. नं. १९ गांडूळ तिच्याकडे. संघाचे अध्यक्ष कदम तिचे वडील, ब्लॉकची कल्पना त्यांचीच. पोरीला माहीत आहे. मी तिच्याकडे कधी विषय काढला नाही. काढणारही नाही.

१० नोव्हें., सोम.
दिवाळीची सुट्टी संपली. फाटकातून आत शिरले तर डाव्या हाताला पेव्हर ब्लॉकचा ढीग, माझ्या कमरेएवढा उंच. कदम तिथेच होते, आर्याला सोडायला आलेले. "माल स्वस्त मिळत होता बाई, आणून ठेवलाय. तपासणी होऊ दे निवांत." माणूस वाईट नाही, हसून बोलतो. त्याचाच जास्त राग येतो.

मुलांनी ढिगाकडे बघितलं पण नाही. दप्तरं टाकून सरळ मागे. वीस दिवस हजेरी घेतली नव्हती ना. एकोणचाळीस नंबरांपैकी छत्तीस हजर. हुमल्यांनी भेंडीवर दुसरं घर बांधलंय. सोहम सांगताना अडखळत होता, एवढी घाई त्याला.

तपासणी २५ तारखेला, मंगळवारी.

२२ नोव्हें., शनि.
सगळं तयार. मस्टर, वह्या, घेर मोजलेल्या सुतळ्या. मुलांना एकही वाक्य पाठ करून घेतलेलं नाही. देसाईबाई म्हणाल्या, "निदान स्वागतगीत तरी?" म्हटलं, नको. मामांना म्हटलं, मागचं जरा नीट असू द्या हां, मंगळवारी साहेब लोक येणारेत. मामा म्हणाले, "तुमी बघाच बाई."

२४ नोव्हें., सोम.
संपलं सगळं.

सकाळी सव्वासातला मागे गेले. जागा ओळखू येईना. पालापाचोळा साफ. गवत मुळापासून उपटलेलं. जमीन झाडून, पाणी मारून, चोपून गुळगुळीत. कोपऱ्यातले दगड, ज्यांच्याखाली नं. १२, १३ आणि २२ राहायचे, ते रांगेत लावून पांढरे केलेले. आणि भेंडी, जांभूळ, उंबर, तिघांनाही माझ्या छातीएवढ्या उंचीपर्यंत चुना आणि वर गेरूचा पट्टा.

मामा हातात ब्रश घेऊन उभे. काल रविवार, सुट्टीचा अख्खा दिवस एकटे राबले होते. डोळे तांबारलेले, चेहरा फुललेला. "साहेब येतत म्हटल्यावर झाडांक गेरू-चुनो व्हयोच ना, बाई."

मी काय बोलले ते लिहायला लाज वाटते, पण लिहितेच. "मामा, दोन महिन्यांचं वाटोळं केलंत. तुम्हाला अक्कल आहे का?" मुलांसमोर. तीस वर्षं ह्या शाळेत कोणी त्यांना असं बोललं नसेल. त्यांनी ब्रश बादलीत ठेवला आणि गेले.

चूक माझीच. तीस वर्षं त्यांनी हेच बघितलंय, साहेब येणार म्हटलं की झाड रंगवायचं, दगड रंगवायचा. आणि 'नीट असू द्या' कोण म्हणालं? मीच.

मुलं उभीच. मला रडू येत होतं. तेवढ्यात आर्याने मस्टर उघडला आणि हजेरी सुरू केली. माझ्याशिवाय. नं. १ हजर, नं. २ हजर, नं. ३ हजर. मग गैरहजर, गैरहजर, गैरहजर. नं. ४ सोडून पस्तीस गैरहजर. नं. ४ ला सोहम म्हणाला, "बाई, इकडे या."

हुमल्यांची घरं वर पानांत, तिथे चुना पोचला नव्हता. मुंग्या खोडावरून खाली येत होत्या, गेरूच्या पट्ट्यापाशी थांबत होत्या. मिशा लावून बघायच्या आणि परत फिरायच्या. एकही पुढे येईना. सगळा वर्ग झाडाभोवती. कोणी म्हणे वास येतो, कोणी म्हणे पाय घसरतात, एकाने बोट फिरवून दाखवलं, "बाई, पावडर लागते." मी वह्या काढा म्हटलं नाही, त्यांनीच काढल्या.

मधल्या सुट्टीत मामांना शोधलं. टाकीमागे बसले होते, डबा उघडला नव्हता. म्हटलं, मामा, माझं चुकलं. ते म्हणाले, "नाय बाई, माझा चुकला. माका वाटला, तुमची शान वाढतली." मग मी मुंग्यांचं सांगितलं, वर अडकल्यात म्हणून. मामा उठलेच. "अडाकतले कशाक? आमच्या गावाक कपड्यांची दोरी आंब्याक बांधल्यार ते दोरयेवरसून थेट घरात येतत."

घेर मोजायची सुतळी होती. मामांनी एक टोक भेंडीच्या खालच्या फांदीला बांधलं, दुसरं जमिनीवर विटेखाली दाबलं. सोहमने विटेपाशी बिस्किटाचा चुरा ठेवला. शाळा सुटेपर्यंत बघत बसलो. एकही मुंगी आली नाही. मामा म्हणाले, "घाई नको, येतले." सोहम नखं खात होता. मी पण.

२५ नोव्हें., मंगळ.
तपासणी. सगळं क्रमाने लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

पावणेसातला पोचले. माझ्याआधी मामा आणि सोहम सुतळीपाशी उकिडवे. एक मुंगी. एकच, सुतळीच्या मध्यावर. आम्ही तिघं श्वास रोखून. ती खाली आली, विटेवर फिरली, परत गेली. मामा मला म्हणाले, "आता गावात सांगतली सगळ्यांक."

साडेदहाला मॅडम मागे आल्या. बारीक चणीच्या, चष्मा, आवाज हळू. देसाईबाई सोबत. मॅडमनी रंगवलेली झाडं, झाडलेली जमीन बघितली आणि म्हणाल्या, "अरे वा, छान स्वच्छ ठेवलंय की." मी मनात म्हटलं, गेलं.

आर्या म्हणाली, "मॅडम, स्वच्छ नाहीये. सगळे गैरहजर आहेत."

देसाईबाईंनी डोळे मिटले. मॅडमनी विचारलं, कोण सगळे? मग मस्टर हातात दिला. मॅडम पानं उलटत राहिल्या, खूप वेळ. मग मधूनच एक नंबर वाचला. "एकोणीस?"

"गांडूळ, मॅडम. गैरहजर. पाला उचलला म्हणून खाली गेलं असेल."

"असेल? की बघितलंस?"

आर्याने जमिनीकडे बघितलं. मला वाटलं, संपलं. मग म्हणाली, "बघितलं नाही. खणून बघू का?" मॅडम म्हणाल्या, बघ. पोरगी गुडघ्यांवर बसली, इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये, काठीने उकरायला लागली. पाणी मारून चोपलेली जमीन, खणता खणेना. मामा धावत खुरपं घेऊन आले. वीतभर खाली एक सापडलं, मग दुसरं. "हजर," आर्या म्हणाली आणि मातीच्याच हाताने मस्टरात गै. खोडून ह. केलं. मॅडमच्या हातातल्या मस्टरात.

मॅडमनी पानावरचा तो मातीच्या बोटाचा ठसा बघितला. पुढचा नंबर, चार.

सोहमला बोलता येईना, नुसतं बोट दाखवलं. सुतळीवर रांग होती. जाणाऱ्या आणि येणाऱ्या, मध्येच थांबून एकमेकींना मिशा लावून पुढे जाणाऱ्या. बिस्किटाचा एक कण तिघी मिळून वर ओढत होत्या. मग मात्र सोहम सुरू झाला. गेरू, पावडर, कालपासून कुठे थांबत होत्या, पूल कोणाला सुचला. "आमच्या मोरेमामांना. त्यांच्या गावाला दोरीवरून येतात." मॅडमनी मामांना जवळ बोलावलं आणि विचारलं, खरंच येतात? मामा म्हणाले, "येतत साहेब. माझ्या आयेच्या गुळाच्या डब्यापर्यंत येतत." मॅडम खळखळून हसल्या.

पंधरा मिनिटांसाठी आलेली बाई पन्नास मिनिटं थांबली. शेवटी चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या तिने.

जिंकलो. मला अजून झोप येत नाहीये. जिंकलो आम्ही.

२६ नोव्हें.
शेरेबुक वाचलं. 'इ. ३ री ब. विद्यार्थी स्वतः पाहून, तपासून उत्तर देतात. न पाहिलेले पाहिले असे सांगत नाहीत. मागील जागा अध्यापनासाठी उत्तम प्रकारे वापरात. जागेबाबत शाळेने पालक-शिक्षक संघाशी विचारविनिमय करून निर्णय घ्यावा.'

पहिली तीन वाक्यं पाठ झालीत. चौथं वाचून कपाळाला हात लावला. देसाईबाई मात्र म्हणाल्या, "मी माझा शब्द पाळते. माझं मत तुमच्या बाजूने. आता कदमांना तुम्ही बघा." आणि हसल्या. चक्क.

२९ नोव्हें., शनि.
संघाची सभा. मी भाषण केलं नाही. म्हटलं, दहा मिनिटं मागे चला, मुलं आहेत. प्रत्येक मुलाने आपापल्या आईबापाला आपला नंबर दाखवला. सोहमची आई सुतळीपाशी वाकून उभी होती, पदर खोचून. कदमांना आर्याने खाली बसायला लावलं आणि त्यांच्या तळहातावर नं. १९ ठेवलं. अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा होता. हात झटकला नाही पण.

सभेत वाद. एक बाई म्हणाल्या, हे सगळं ठीक, पण पावसाळ्यात चिखल होतो त्याचं काय? प्रश्न बरोबर आहे. वहीत लिहून घेतला. दुसरे गृहस्थ म्हणाले, माल येऊन पडलाय, त्याचं काय करणार? कदम मग म्हणाले, स्नेहसंमेलनानंतर ठरवू. ना हो, ना नाही.

नलिनी म्हणते, "तू पण ना. अगं, महिन्याभरापूर्वी ठरलेलंच होतं सगळं. आता ठरवू म्हणतायत. झकास आहे हे." तिने सोमवारपासून चौथीचा मस्टर सुरू करायचं ठरवलंय. माझ्या मुलांनी तिला नियम समजावले, दोन मुलं, दोन दिवस, ऐकीव नाही.

५ डिसें.
गेरूचा पट्टा फिका पडतोय. पालाही पडायला लागलाय परत, मामा झाडत नाहीत. आज मस्टरात मुलांनी नं. ४० लिहायचा की नाही ह्यावर भांडण. आर्या आणि अजून एकीने वेगवेगळ्या दिवशी बघितलंय म्हणे, पण ते मागच्या जागेत नाही, फाटकाशी आहे. ब्लॉकच्या ढिगात, खालच्या फटीत. भलामोठा बेडूक, खरखरीत पाठीचा. मागच्या जागेत राहत नाही तर नाव कसं लावायचं? शेवटी मतं घेतली. लावायचं ठरलं. पत्त्याच्या रकान्यात 'पेव्हर ब्लॉक, फाटकाजवळ'.

१२ डिसें., शुक्र.
सकाळी फाटकापाशी टेम्पो. कदम आणि दोन माणसं ढिगातले ब्लॉक उचलत होती. कशासाठी, मी विचारलं नाही. परत न्यायला की मागे घालायला, माझी हिंमतच झाली नाही. मामा माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. मुलं पण थांबली.

वरचे सगळे उचलले, खालच्या थराला आले. आर्या पुढे गेली. "बाबा, तिथे हळू. आमचा चाळीस नंबर आहे."

कदमांनी वाकून फटीत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्या माणसांना म्हणाले, राहू दे आजचा दिवस, आणि टेम्पोत ठेवलेले ब्लॉक एकेक करून परत लावायला लागले, स्वतःच्या हाताने, मधली फट तशीच ठेवून. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, सोमवारी बोलू."

काय बोलणार, माहीत नाही. पहिल्या तासाला मस्टर घेतला. नं. ४०, आर्याने सांगितलं, हजर.